मिठातले साठ गड्डे

चोंगजू, नोव्हेंबरअखेर

मोक्पोच्या थोरल्या ताईस,

धाकट्या गितेकचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? समुद्राची हवा त्यांना मानवत नाही, असं तू वीस वर्षं सांगतेस आणि वीस वर्षं तिथेच राहतेस. मी ठीक आहे. (म्हणजे दोन्ही वेळा पाकिटातल्या शेवया उकळून खातो.) फोन केला तर तुझ्याकडे रुसून बसलेली मिन्हीची आई उचलत नाही आणि तू रागावतेस, म्हणून हे पत्र.

तिने तुला सगळं सांगितलंच असेल, पण माझीही बाजू ऐक. बसची नोकरी संपली तेव्हा जावयाने कॉम्प्युटरवर शेतीचा खेळ लावून दिला. मिन्ही म्हणाली, "बाबा, खेळा, पण बेताने." आता बेताने म्हणजे किती? तीस वर्षं बस चालवली, तिला शेवटचा थांबा असायचा. या खेळाचा तो कुठे, हे कुणी दाखवलंच नाही. वाटाणा बघायला जावं तर भोपळा तहानलेला. मी जेवण विसरलो, दाढी विसरलो, मिन्हीच्या आईच्या वाढदिवसाचं शेवाळाचं सूपही विसरलो.

मग वर्षाची किमची घालायचा दिवस आला. कोबीचे साठ गड्डे कापून तिने टबांत मिठाच्या पाण्यात बुडवले आणि खारवलेला जवळा आणायला किनाऱ्यावरच्या बाजारात गेली. मुक्काम मिन्हीकडे. जाताना बजावलं, दुपारी गड्डे उलटा, संध्याकाळी काढून धुवा. विसरायला नको म्हणून मी गजर लावला. (यात माझी चूक दाखव!) दुपारी घंटा वाजली. आता खेळातही मी कोबीच लावलेला, तर मी त्याचे वाफे सारखे केले. संध्याकाळी वाजली, कोबी काढला, धुऊन बाजारात पाठवला. इतकं समाधान वाटलं की टबांजवळून दोनदा गेलो, तरी काही राहिलंय असं मनातही आलं नाही. तिने फोनवर विचारलं, मी म्हणालो, काढले. खोटं कुठे बोललो? काढलेच होते!

सकाळी ती आली, शेजारणी रबरी हातमोजे चढवून आल्या. प्यो वहिनींनी एक पान चाखलं आणि म्हणाल्या, "अहो भाऊजी, वहिनी समुद्रावर गेल्या होत्या, की समुद्रच इकडे आला होता?" सगळ्या हसल्या. मिन्हीची आई हसली नाही. हातमोजे काढून म्हणाली, "मिन्हीचे बाबा, आता तुमच्या त्या शेतातल्या कोबीचीच किमची घाला," आणि तुझ्या गावची बस धरली. गड्डे गेले त्याचं वाईट वाटतं, पण ती घरात नाही याचं फार वाईट वाटतं. मला करमत नाही, ताई.

आता मी फक्त चार ते पाच खेळतो. घड्याळ मोरीत ठेवतो, म्हणजे गजर बंद करायला उठावंच लागतं.

तुझा,
गितेक

ता. क. खरं विचारायचं राहिलंच. गेले चार दिवस सकाळी कुणीतरी माझ्या खेळातल्या शेताला पाणी घालून जातं. नाव लावलंय 'मोक्पोची पाहुणी'. तुझ्या घरी कॉम्प्युटर आहे ना? ही तीच का? असेल तर राग गेला असं समजू, की तिलाही लागण झाली असं समजू? माझं डोकं चालेनासं झालंय.

आणखी ता. क. तीच असेल तर तिला सांग, शेतावर मी सकाळी नसतो, चार ते पाच असतो. घरी मात्र दिवसभर असतो.