पूर्वकाठचा कमांडंट

पेल्हॅम खाडी, न्यू साउथ वेल्स
४ सप्टेंबर १८०५

तीर्थरूप मामा,

आपल्याला, मामींना आणि आपल्या दुखऱ्या गुडघ्याला (आता जिना चढू देतो का?) सादर नमस्कार. माझी तब्येत ठणठणीत. मंत्र्यांच्या कचेरीत जोडे झिजवून आपण मिळवून दिलेला हुद्दाही झकास आहे. फक्त हाताखाली माणसे नाहीत.

झाले असे. नेमणुकीच्या कागदात मला 'खाडीच्या पूर्वकाठच्या वसाहतीचा कमांडंट' केले आहे. सहा महिने समुद्रात ओकत (हे मामींना वाचून दाखवू नका) उतरलो, तर पूर्वकाठी दोन मोडकी खोपटी, अकरा शेळ्या आणि स्केरिट नावाचा म्हातारा कॉर्पोरल. वसाहत गोड्या पाण्यासाठी कधीच पश्चिमकाठी हललेली! तिथल्या लेफ्टनंट प्लमरने (पोराला अजून मिशी फुटायची आहे) कागद दोनदा वाचला आणि तीनशे माणसांदेखत (कैदी, शिपाई, बायकापोरे) परत दिला. म्हणाला, "कॅप्टनसाहेब, तुमचा काठ तो, समोरचा." माझे कान लालबुंद झाले.

पण कागद जाहीर वाचल्याशिवाय अंमल सुरू होत नाही. म्हणून पूर्वकाठी परतून मी तो पूर्ण गणवेशात स्केरिटला आणि शेळ्यांना वाचून दाखवला. इथले मूळचे लोक झाडीपाशी उभे होते. त्यांच्यातली एक म्हातारी पोट धरधरून हसली.

"हिला काय झालं रे?"

"साहेब, जागा तिची. तिला कुणी विचारलं का?" स्केरिट म्हणाला.

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. तो प्रश्न मात्र अजून डोक्यात घोळतो.

तेव्हापासून मी हुकूम सोडतो आणि स्केरिट सलाम ठोकून शेळ्या हाकतो. संध्याकाळी पलीकडे चुली पेटतात, तेव्हा मात्र जीव तुटतो. एकोणीस वर्षे पलटणीत काढली ती काय यासाठी?

आपला भाचा,
जॅस्पर वेदरेल

ता. क. पत्राचे खरे कारण: पुन्हा कचेरीत जा आणि मला पश्चिमकाठचा कागद मिळवून द्या. त्याशिवाय मी इथून हलणार नाही.

ता. क. दुसरा. पत्रावर लाख ओतत होतो, तोच प्लमर होडीने आला. पिठात अळ्या पडल्यात, कैदी जंगलात पळालेत, शिपाई ऐकत नाहीत. "पाया पडतो, तुम्हीच सांभाळा हो सगळं!" मी ताठ मानेने सांगितले, कागद नाही तर अधिकार नाही. रडतच गेला बिचारा.

ता. क. तिसरा, चार दिवसांनी, पश्चिमकाठाहून. माझा ताठा तासभर टिकला. मग शेळ्या होडीत घातल्या आणि आलो. दूध आधी पोरांना, मग आजाऱ्यांना, असा हुकूम सोडला. पळालेले वगळता सारी माणसे मुकाट रांगेत उभी राहिली. कागद एकानेही मागितला नाही. तेव्हा मामा, कचेरीत जाऊ नका. गव्हाचे बी धाडा.