पिवळं दुपटं

मंगळवार, संध्याकाळ. कॅरी, अमेरिका.

आमच्या तान्ह्या रेवाच्या डाव्या खुब्याचा सांधा नीट बसलेला नाही. आता दिवसरात्र पट्ट्या, पाय बेडकासारखे फाकवलेले. एवढंसं पोर! लंगडणार तर नाही ना?

दुपारी अशाच मुलांच्या आयांच्या सपोर्ट ग्रुपचा कॉल जॉइन केला. शॉमबर्ग गावची एक मराठी मुलगी भेटली. फार धीर दिला तिने. तिचा मुलगा आता सॉकर खेळतो म्हणे. मग सहज म्हणाली, "आणि हो, बाळाला पाय सरळ करून दुपट्यात घट्ट बांधू नका हं. सांध्यावर ताण येतो."

फोन स्पीकरवर होता. आई मागेच उभी होती.

बाळंतपणासाठी नागपूरहून आलेली माझी आई. रोज रेवाला न्हाऊमाखू घालून त्या पिवळ्या दुपट्यात बांधायची. पाय ओढून, जुळवून, अगदी घट्ट. मलाही तसंच बांधलं होतं, कौतुकाने सांगायची.

रेवा पायाळू जन्मली, त्यामुळेही असेल, नक्की कारण सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाल्यात. मी आईला परत परत सांगितलं. तिने पिवळं दुपटं घडी करून स्वतःच्या बॅगेत तळाशी ठेवलं. मी बघितलं.

आत्ता रेवा रडत होती. आई पाळण्याशेजारीच होती, हात पदरात गुंडाळून.

"आई, घे ना गं तिला."

"नको. तूच घे."

पट्ट्या कधीतरी निघतील. पण आई तिला परत उचलून घेईल ना?