गाठींची ओळ असलेली आणि नसलेली

मी, रूपराव नत्थूजी उमाटे, वय एक्कावन्न, शाळांसाठी प्राणिशास्त्राचे तक्ते रंगविणारा, राहणार सेलू, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्या भिडेला न पडता लिहितो. छातीचे दुखणे दोनदा येऊन गेले. तिसऱ्याची वाट डॉक्टर पाहतात, मी पाहत नाही. पण लिहून ठेवतो. मला मूलबाळ नाही.

एक. राहते घर व पोस्टातली शिल्लक पत्नी भागीरथा हिची. धाकटा भाऊ हरिदास याने त्यावर हक्क सांगू नये. त्याचा वाटा त्याने विकून पिऊन टाकला आहे. त्याची पत्नी शकुबाई हिने मात्र मागच्या खोलीत मरेपर्यंत राहावे. तिला कोणी ऊठ म्हणू नये.

दोन. कुंचले व रंग हिंगणघाटच्या तानबाला द्यावेत. हा इसम माझे तक्ते नकलून विकतो. नकलेचे दुःख नाही. पण सॅलमँडरच्या पुढच्या पायाला त्याने पाच बोटे काढली. पुढे चार, मागे पाच. रंग देताना हे त्याला चारचौघांत सांगावे.

तीन. कामाच्या खोलीतील कपाटात स्पिरिटच्या दोन बाटल्या आहेत, प्रत्येकीत एक न्यूट, म्हणजे सॅलमँडरच्याच कुळातला प्राणी. दिसायला पाली, पण नात्याने बेडकाच्या जवळचे. आपल्या मुलखात हे होत नाहीत. पहिला नमुना मी स्वतः दार्जिलिंगला जाऊन चहाच्या मळ्यातील डबक्यातून आणला, कारण न पाहिलेला प्राणी मी रंगवत नाही. त्याच्या पाठीवर दोन्ही अंगांना ठळक गाठींची ओळ आहे, डोके रुंद व चपटे. दुसरा न्यूट अमेरिकेचा. सेलूला वर्षभर राहिलेल्या एका अमेरिकन पाहुण्याने माझा तक्ता पाहून तो मला पाठविला. त्याची कातडी दाणेदार खरबरीत. गाठींची ओळ नाही. पोट भडक केशरी होते. होते असे लिहितो, कारण स्पिरिटात रंग टिकत नाही. आज दोन्ही प्राणी सारखेच मातकट दिसतात. केशरी उतरून दुसऱ्या बाटलीतले स्पिरिट तेवढे पिवळसर झाले आहे.

फरक रंगाचा नाही, जिवाचा आहे. दार्जिलिंगच्या कातडीचा चीक हाताला झोंबतो, इतकेच माझ्या अनुभवाला आले. अमेरिकेच्या न्यूटच्या कातडीत माणूस मारण्याइतके विष असते. ते स्पिरिटात उतरते असे मी धरून चालतो. एकदा त्या बाटलीचे बूच पुसलेले फडके अंगणात पडले. शेजारच्या मंदाबाईची कोंबडी त्याला चोच मारून गेली आणि पाय लुळे पडून मेली. मंदाबाई अजून मुंगसाचे नाव घेते. तिला एक अंड्यावरची कोंबडी द्यावी.

चार. जिल्ह्यात दारूबंदी झाल्यापासून हरिदासची नजर माझ्या स्पिरिटवर आहे. म्हणून मी खोलीतल्या प्रत्येक बाटलीवर 'विष' अशी चिठ्ठी लावली. टर्पेंटाइनवर, जवसाच्या तेलावर, गोंदाच्या पाण्यावरसुद्धा. अक्षर मोठे व स्वच्छ आहे. मागच्या पोळ्याला त्याने दार्जिलिंगची बाटली अर्धी केली आणि दुसऱ्या दिवशी ओसरीवर येऊन हसत बसला.

"दादा, तुमचं इख तं पचलं मले. काऊन उगाच भेव दावता?"

मी त्याला दुसऱ्या बाटलीचे सांगितले. गाठी दाखविल्या, नसलेल्याही दाखविल्या. तो बाटली उजेडात धरून म्हणाला, "हे पिवळं तं संत्र्याची दारू हाये वाट्टे."

चिठ्ठ्या लावणे चूक नव्हते. वाचणाऱ्याने शब्दाला किंमत द्यायला हवी.

पाच. ती बाटली ओतून का देत नाही, असे भागीरथा विचारते. स्पिरिटाबाहेर नमुना सडतो, आणि एकट्या नमुन्यावरून फरक शिकविता येत नाही. माझ्या हयातीत जोडी फुटणार नाही. त्या पोळ्यापासून कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या करदोड्याला. माझ्यामागे ती भागीरथेने ठेवावी असे माझ्या मनात होते. तिने नाकारले.

"मायापाशी नोका देऊ. हरिदासनं मारलं का शकूची पाठ मी शेकतो, तुमी नाई. एखांद्या दिवशी मी कपाट लावाचं मुद्दाम इसरीन."

हे बोलणे शकुबाईने आतून ऐकले. या घरात आल्यापासून ती माझ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, भासऱ्याशी, कधी बोललेली नव्हती. काही हवे असले तर भागीरथेला सांगते. परवा ती डोक्यावरचा पदर सावरत कामाच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली.

"भाऊजी, त्या दोनातली कोनती?"

मी दोन्ही बाटल्या खाली काढल्या. पाठ, डोके, कातडी, सगळे क्रमाने सांगितले. तिने मध्ये एकदाही मान वळविली नाही. मग म्हणाली, "गाठीवालीतलं पेलं तं मानूस वाचते. बिनगाठीवालीतलं पेलं तं नाई. असंच ना?"

असेच, असे मी म्हणालो.

कित्येक मास्तरांनी माझा तक्ता भिंतीला लावला. हा फरक नीट विचारणारी ही पहिलीच. तिच्या कपाळावरची खोक अजून ओली होती, हे मी पाहिले. हरिदास माझ्या पाठचा भाऊ आहे, हेही मला ठाऊक आहे.

सबब कपाटाची किल्ली व दोन्ही बाटल्या माझ्यामागे शकुबाई हरिदास उमाटे हिच्या ताब्यात राहतील. त्यांचे काय करायचे ते तिने ठरवावे. त्याबाबत तिला कोणी काही विचारू नये.

वरील सर्व मजकूर साक्षीदारांना वाचून दाखविला, खाडाखोड नाही, आणि त्यांच्या समक्ष सही केली.

रूपराव नत्थूजी उमाटे

साक्षीदार:
१. लक्ष्मणराव झाडे, निवृत्त शिक्षक, सेलू (सही)
२. लहानू भोयर, किराणा दुकानदार, सेलू (सही)

मुक्काम सेलू, तारीख १२ जून १९८३