आधी डोंगर की आधी समुद्र

४ एप्रिल, शनिवार

दोन्ही खोकी अजून सीलबंद. माझ्या जुन्या संस्कृत कोशाला टेकून कपाटावर उभी आहेत. एवढ्या वर्षांत कोशाचा कुणाला तरी आधार झाला, हेही नसे थोडके.

हिरवं खोकं मुंगीच्या बापाने दिलेलं, निळं आईने. वाढदिवसाची भेट. हातात धरून खेळायचं ते यंत्र मुंगीकडे आधीपासून आहे, त्यात घालायच्या या दोन कॅसेटी. हिरव्यावर डोंगर, निळ्यावर समुद्र, आणि दोन्हीकडे कंदील घेतलेला तोच पोरगा. हे दोन खेळ जोडीचे आहेत म्हणे. एकच गोष्ट, दोन भाग. कुठलाही आधी खेळा. पहिला संपला की खुणांची एक ओळ देतो — मासा, पान, तारा असलं काहीतरी. ती ओळ दुसऱ्यात भरली की तिथली माणसं आपल्याला ओळखतात. नवराबायको एकमेकांशी बोलत असते तर एकाने जोडी घेतली असती. बोलत नाहीत, म्हणून दोघांनी अर्धी अर्धी घेतली. तीही एकाच दुकानातून!

मुंगी म्हणजे माझी भाची. पंधरा पूर्ण. कामात असली की आवाज नसतो म्हणून मुंगी. सुट्टीत आमच्याकडे आली आहे. तिचे आईबाप वेगळे होताहेत, आणि ती कुणाकडे राहणार हे तिनेच सांगायचं आहे — २६ तारखेला, आमच्या घरी, दोघांच्या समोर. समुपदेशक बाईंनी नियम घालून दिला : तोवर तिला कुणी विचारायचं नाही. दोघांनी माना डोलावल्या. आणि त्या दिवसापासून दोघंही रोज फोन करून एवढंच विचारतात, की गेम सुरू केलास का, कुठला केलास.

नियम पाळूनही तो कसा मोडावा हे नगरपालिकेच्या सभांना बातमीदार म्हणून बसून मी बरंच शिकलो. पण घरचे लोक पुढे गेले.

मी तटस्थ आहे. सख्खा मामा जितका तटस्थ असू शकतो तितका.


६ एप्रिल, सोमवार

कुठलाच नाही.


८ एप्रिल, बुधवार

सकाळी लिफ्टवाल्यांचा फोन. लिफ्टवाले म्हणजे आमचे मेहुणे, मुंगीचे वडील. शहरभरच्या अडकलेल्या लिफ्टा सोडवतात. आवाज असा, की चौथ्या मजल्यावर अडकलेल्या माणसाला तळातून धीर देता यावा. फोनची गरज नसतेच, पद्धत म्हणून करतात.

मुंगीशी बोलून झाल्यावर मला मागून घेतलं. दादा, खोकं उघडलं का तिने, एवढंच सांगा. म्हटलं, विश्वसनीय सूत्रांनी दुजोरा दिलेला नाही. त्यांना हसू आलं नाही.

दुपारी धाकटीचा. माझी बहीण औषधांच्या दुकानात उभी असते दिवसभर, बोलण्यातही मात्रा मोजून देते. "निळं उघडलं असेल तर सांग. नसेल तर काही सांगू नकोस." मी काही सांगितलं नाही. म्हणजे सांगितलंच की!

बायको म्हणाली, पोरीने दोन्ही खोकी खिडकीतून फेकावीत. हिचा स्वभाव तडकाफडकी निकाल लावण्याचा. मी आठवण करून दिली, की खाली शेजाऱ्यांची गाडी असते.


११ एप्रिल, शनिवार

उघडलं. हिरवं.

मी पेपर वाचत होतो. टर्रकन प्लास्टिक फाटल्याचा आवाज आला. वळून बघितलं नाही. पानावरची तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिलो — पाणीपुरवठ्याबद्दल होती, आणि माझीच होती. किती वाईट लिहिली आहे.

मुंगीने स्वतःच दोघांना फोन लावून सांगितलं. सपाट आवाजात, जसं हजेरीला 'हजर' म्हणावं. लिफ्टवाल्यांचा आनंद मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. त्यांच्याकडची तिची खोली रंगवून घेणार आहेत. हिरवी! डोंगर हिरवा ना, मग हिरवीच!

धाकटी म्हणाली, "बरं."


१२ एप्रिल, रविवार

धाकटी येऊन गेली. बसली नाही. मुंगीसाठी डोळ्यांत घालायचे थेंब आणले होते, स्क्रीनकडे बघून डोळे कोरडे पडतात म्हणून. हिरव्या गेमसाठी निळ्यावालीने थेंब आणावेत!

जिन्यात मला म्हणाली, की संध्याकाळची पाळीही घेणार आहे आता. घरी कुणासाठी लवकर जायचं?

मी म्हटलं, अजून २६ उजाडायची आहे. ती म्हणाली, "दादा, मी तुझ्या पेपरची वाचक नाही. मला आशा लावू नकोस."


१५ एप्रिल, बुधवार

आज जे कळलं ते कळलं नसतं तर बरं झालं असतं.

मुंगीच्या शेजारी जाऊन बसलो. पडद्यावर कंदीलवाला पोरगा एका म्हातारीपुढे उभा. ती घंटेची राखण करते, तीन प्रश्न विचारते, चुकलं की डोंगराखाली ढकलते. आमच्या व्याकरणाच्या गुरुजींची आठवण झाली. मी सहज म्हणालो, तुझे बाबा खूश आहेत, पहिला मान त्यांना मिळाला.

तिने खेळ थांबवला. "मामा, तुला माहीत नाही का? आमच्या वर्गात सगळ्यांना माहीत आहे."

काय माहीत आहे ते असं. जो भाग आधी खेळाल, त्याच्या शेवटी कंदीलवाला निघून जातो. सगळं गाव वेशीपर्यंत पोचवायला येतं आणि तो जातो. जो भाग नंतर खेळाल, तिथे तो एका दारावर कंदील टांगतो आणि राहतो. गोष्ट तिथे संपते. घर तिथे असतं. डोंगर आधी खेळा की समुद्र — पहिला तो सोडायचा, दुसरा तो राहायचा.

उभी हयात शास्त्रं घोकली आणि हे लक्षात येऊ नये! आधी मांडतात तो पूर्वपक्ष. तो मांडायचाच असतो सोडण्यासाठी. सिद्धांत मागून येतो.

मी विचारलं, म्हणजे आईकडे? तिने मान डोलावली. मी विचारलं, का? नियम मोडला, पण विचारलं. ती बटणांवरून बोट फिरवत म्हणाली, "बाबा एकटे राहिले तरी चौकात जाऊन चार लोकांशी भांडून येतील. आई कुणाशी भांडतसुद्धा नाही, मामा."

२६ पर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. आईलाही नाही, कारण आई लगेच बाबांची कीव करायला लागेल आणि तिला म्हणेल, तूच जा त्यांच्याकडे. बरोबर आहे. धाकटी अगदी हेच करेल.


१६ एप्रिल, गुरुवार

बायकोने ओळखलं. काही झालंय, म्हणाली. नाही म्हटलं. ती म्हणाली, तुम्हाला बातमी पोटात ठेवता येत नाही, म्हणून तर हा धंदा पत्करलात.

आयुष्यात पहिल्यांदा मोठी बातमी आधी माझ्याकडे आली, आणि ती छापायची नाही.


१९ एप्रिल, रविवार

न राहवून लिफ्टवाल्यांकडे गेलो. दिलेल्या शब्दाला धक्का न लावता त्यांना रंगापासून कसं परावृत्त करावं याचे मुद्दे वाटेत जुळवले. उन्हाळ्यात रंग लवकर वाळतो आणि तडकतो — असलं काहीतरी. बेअक्कल मुद्दे.

ते शिडीवर होते. दोन भिंती झाल्या होत्या. निळ्या.

मी म्हटलं, हिरवा देणार होतात ना? म्हणाले, दुकानात हिरवा संपला होता. मला मनात हसू आलं : माणूस हौशीचा, पण दुसऱ्या दुकानापर्यंत जाण्याइतका नाही.

नवीन फळी ठोकली आहे, टेबलावर दिवा आणलाय, दाराला आतून कडी. मुलगी मोठी झाली, तिला आतून कडी हवी, म्हणाले. हे आम्हाला सुचलं नव्हतं. आमच्याकडे तिच्या दाराला नाही.

आवाज मात्र उतरला होता. डोळे लाल, उजव्या अंगठ्याला पट्टी. लिफ्टच्या दारात सापडला का विचारलं, तर हो म्हणाले. मग मला खालची बादली वर द्यायला लावली आणि विचारलं, "ती घंटेवाली म्हातारी अजून अडवते का हो तिला?"

मुंगी फोनवर सांगत असणार सगळं. जो खेळ त्यांना सोडून जाण्यासाठी चालला आहे, त्याची खबर हा माणूस इतक्या कौतुकाने विचारतो! ओठांवर आलं होतं. "भाऊसाहेब, एक सांगू का..." इथवर बोललोसुद्धा.

ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "नका सांगू, दादा. हात लागेल कुठे तरी. रंग ओला आहे."

भिंतीपासून मी चांगला दूर होतो. पण वाक्य अर्धंच सोडून निघालो. परतताना सारखं वाटत होतं, की एखाद्याला हातात पत्ता देऊन चुकीच्या बसमध्ये बसवून आलो.


२१ एप्रिल, मंगळवार

धाकटीचा फोन आला नाही. मी केला. कामात आहे म्हणाली. मागे कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

एका शब्दात तिचा जीव भांड्यात पडला असता. आणि त्याच शब्दात दुसऱ्याचा गेला असता. बारा वर्षं शब्दशक्ती शिकलो मी. आता समजलं.


२३ एप्रिल, गुरुवार

डोंगर संपला. मुंगीने मला बोलावलं बघायला. खरंच सगळं गाव वेशीवर येतं. ती खवट म्हातारीही येते, आणि घंटा वाजवत राहते, कंदिलाचा ठिपका दिसेनासा होईपर्यंत.

मुंगीने खुणा उतरून घेतल्या. मासा, पान, पान, तारा, असं बरंच. मग यंत्र मांडीवर ठेवून बसून राहिली. मी डोळ्यांचे थेंब पुढे केले. घातले तिने. चांगली सोय होती ती, थेंबांची — दोघांनाही.


२४ एप्रिल, शुक्रवार

समुद्र सुरू. फोनवर कुणी विचारलं तर तिने सांगायला सांगितलंय : "डोंगर संपत आलाय." मी नगरपालिकेच्या प्रवक्त्यासारखा तयार बसलो.

आश्चर्य म्हणजे लिफ्टवाल्यांनी विचारलंच नाही. पोरीला जेवण जातंय का, झोप लागते का, एवढंच. मग म्हणाले, रविवारी अकराला येतो. सावकाश बोलत होते. मला वाटलं, घशाला काही झालं असेल.


२६ एप्रिल, रविवार

झालं.

दोघं कोचाच्या दोन टोकांना बसली. मधल्या जागेत एक आख्खं माणूस मावलं असतं — मावत होतंही, इतकी वर्षं. बायकोने चहा आणला, कुणी घेतला नाही. धाकटी पर्सचा पट्टा वळत होती. ती हरायच्या तयारीने आली होती; चेहराही तसा घालूनच आली होती.

मुंगी उभी राहिली. पाठ केलेलं काहीतरी होतं, ते विसरली. म्हणाली, "मी आईकडे राहणार आहे."

धाकटीने पहिल्यांदा नवऱ्याकडे बघितलं. मुलीकडे नाही, त्याच्याकडे. आणि खरंच बोलून गेली, "अगं पण बाबांनी खोली..."

"असू दे," लिफ्टवाले म्हणाले. त्या आवाजात मी त्यांना कधी ऐकलेलं नाही. मग उठले, मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, बरोबर आहे. दोनदा म्हणाले. आणि चहा प्यायले, गार झालेला, उभ्यानेच, सगळा.

मुंगी रडली, धाकटी रडली, बायको आत जाऊन रडली. ते जिना उतरून गेले. माणूस इतका शांत कसा राहू शकतो? मला थोडा रागच आला, खरं सांगायचं तर. मी गेले दोन आठवडे त्यांच्यासाठी झोपेत कूस बदलतोय, आणि त्यांना काहीच कसं वाटलं नाही! दिखाऊ प्रेम असतं काहींचं. रंग, फळ्या, कड्या.


२७ एप्रिल, सोमवार

लिफ्टवाल्यांची पिशवी कोचाच्या मागे राहिली होती. पाने, पक्कड, टेस्टर — आणि मुंगीकडे आहे तसंच यंत्र. दोन कॅसेटी. मुंगीने लावून बघितल्या. डोंगर संपवलेला. समुद्रही संपवलेला, दारावर कंदील टांगलेला.

फोन केला. म्हणाले, "तिच्याशी बोलायला काहीतरी विषय हवा ना, दादा. वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी आणली. अंगठा सोलून निघाला पार."

मी विचारलं, कधी संपवलीत दोन्ही?

"रंगाचा डबा आणायच्या आधी."

मग रंग कशाला दिलात, मी विचारलं.

"सुट्टीत येईल ना ती."

हिरवा रंग दुकानात संपलेला नव्हता.