घट बसलेत, आणि घर सोडायचंय

॥ श्री ॥

रवि. १४ सप्टें.

आज सकाळी आंघोळ झाली, आणि पूजेला बसायच्या आधी घरातला मेन स्विच बंद केला. ठरवून. फ्रिज गप्प, पंखा गप्प, मिक्सरमध्ये सौ.ची चटणी अर्धी वाटलेली.

सौ. : "लाइट गेली वाटतं."
मी : "गेली नाही. मी घालवली."
आई देवाच्या खोलीतून : "बिल भरलं नाय का रं?"

शुक्रवारी कंपनीत आगीचा सराव झाला. भोंगा, धावपळ, सगळे गेटजवळच्या मैदानात. साहेबांनी विचारलं, स्वतःच्या घरचा मेन स्विच कुठे आहे हे किती जणांना ठाऊक? मी हात वर केला. मग खात्री वाटेना, हळूच खाली घेतला. स्टोअरमधल्या नटबोल्टची जागा झोपेत विचारली तरी सांगेन, आणि घरचा स्विच... आज शोधला तर कॅलेंडरच्या मागे निघाला. सौ. म्हणाली, "खिळा तिथंच होता, मी काय करू?"

गेल्या महिन्यात नाल्याचं पाणी मागच्या अंगणात तुळशीपर्यंत चढलं होतं. पायरीला लागून परत गेलं. मी दारात उभा राहून नामस्मरण करत होतो. ते करायचंच. पण हात नुसतेच जोडलेले होते, त्यांना दुसरं काही काम ठाऊक नव्हतं.

ठरवलं : घराची तयारी करायची. माणसं चार. आई, सौ., पूर्वा, मी.

चटणी पाट्यावर वाटली. जेवताना दोन भाकरी जास्त गेल्या.

मंगळ. १६

पूर्वाची कॉलेजची जुनी सॅक घेतली. बॅटरी, मेणबत्त्या, काडेपेटी, शिट्टी, आईच्या बी.पी.च्या गोळ्या, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत. पूर्वा म्हणाली, "पप्पा, कागदांचे फोटो काढून मोबाइलवर ठेवले की झालं." मी म्हटलं मोबाइल भिजला तर? म्हणाली, "मग सॅक भिजली तर?" दोन्ही केलं.

सौ.नं खाण्याचं सामान दिलं. शेंगदाणे, गूळ, चिवडा, आणि लोणच्याची बरणी. काचेची.

"अहो, नुसता चिवडा कसा खाणार लोक?"
"कोण लोक?"
"आपणच."

बरणीवरून बराच वेळ गेला. शेवटी प्लॅस्टिकच्या डबीत लोणचं. मनात म्हटलं, पूर आला तरी आमच्या घरात तोंडी लावायला असेल.

रात्री जेवताना एकेकाला विचारलं, निघायची वेळ आली तर आधी काय उचलाल? पूर्वा : चार्जर. सौ. : गॅस बंद करीन, मग कपाटाची किल्ली. आई वरण ओरपत होती. म्हणाली, "मी कशाला येऊ? देव घरात अन् मी रस्त्यावर? बरं दिसंल का ते?"

सगळे हसलो. मीही हसलो. झोपताना ते वाक्य काही उशीवरून हटेना.

शनि. २०

सॅकमधला चिवडा संपला. कोणी खाल्ला ते कोणी सांगत नाही. आईच्या पदराला हळद लागलेली दिसली. 

गॅसचा रेग्युलेटर बंद करायला आज तिघींना शिकवलं. मीच चुकीच्या बाजूला फिरवत होतो. सौ.नं दाखवलं. शिकवणारा मी होतो, एवढं इथे लिहून ठेवतो.

रवि. २१

चुलत भाऊ चांदवडहून येताना शेतातली काळी माती घेऊन आला, उद्याच्या घटासाठी. मूठभर हुंगली. शाळेच्या वाटेवरचं रान आठवलं.

घराच्या सरावाची तारीख नक्की केली, पुढचा रविवार. सकाळी दहा. जमायची जागा : नाल्यापासून लांब, रस्त्याच्या वरच्या टोकाला मारुतीच्या देवळाचा पार. सगळ्यांना सांगितलं. सौ. माझ्याकडे बघतच राहिली.

"अहो, रविवारी घट बसलेले असतील. देव हलवत नाहीत, दिवा सोडून जात नाहीत. तुम्हीच सकाळी घटाची माती घेतलीत ना?"

खरंच, डोक्यातच आलं नाही. एका हातात माती, दुसऱ्या हातानं तारीख. बदलणार होतो. मग वाटलं, पाणी काय पंचांग बघून येणार आहे? राहू दे रविवारच.

सोम. २२

घटस्थापना. रजा घेतली. मातीत सात धान्यं पेरली, वर घट, विड्याच्या पानांवर देवांचे टाक. खंडोबा, भवानी, आणि आमच्या वडलांकडून आलेला तो झिजलेला टाक, ज्याचं नाव आईलाच ठाऊक. दिवा लावला. आता दसऱ्यापर्यंत तो तेवत ठेवायचा आणि घरात त्याच्यापाशी कोणीतरी असायचं. ते कोणीतरी म्हणजे आई. दरवर्षी तीच. मागच्या खोलीत पाट, जवळ तेलाची बुधली, गुडघ्यांवर शाल. तिथल्या देवाच्या कोनाड्याचा गिलावा अण्णांनी, माझ्या वडलांनी, स्वतः केलेला. बोटांचे ठसे अजून आहेत.

फार प्रसन्न वाटलं आज. देव बसले की घर भरल्यासारखं होतं.

रवि. २८

सराव झाला. लिहायला हवा तसा लिहितो.

दहाला अंगणात उभं राहून थाळी बडवली. पूर्वा सॅक घेऊन सुसाट. सौ.नं गॅस बंद केला, बाहेर आली, परत आत गेली. दूध झाकायचं राहिलं होतं. मी मेन स्विच बंद केला (कॅलेंडर आता दुसऱ्या खिळ्यावर). शेजारचे बोरसे बनियनवर धावत आले, "काय झालं? साप निघाला का?" हातात काठी. सराव आहे म्हटलं, तर म्हणाले, "मग मलाही धरा." आणि आमच्याबरोबर चालू लागले.

पारावर पोचलो. कंपनीत करतात तशी माणसं मोजली. चार. मनाला समाधान वाटलं. प्रसादाचा पेढा काढणार, तेवढ्यात लक्षात आलं की चौथे बोरसे.

परत आलो. आई पाटावर, दिव्यात तेल घालत होती.

"झाला का तुमचा खेळ?"
"आई, खरंच पाणी आलं असतं तर?"
"दिव्यापाशी येईल तवा बघू."

रागावून नाही बोलली. भाजीत मीठ किती, हे सांगावं तशी.

बोरसे पारावर पेढा खाऊन परतले तेव्हा म्हणाले, "तुमचा सराव चांगला झाला हो, एक माणूस सोडलं तर." ते एक माणूस सोडूनच तर मला जायचं नाही.

सोम. २९

दिवसभर पाऊस. धरणातून पाणी सोडलंय. कंपनीत चहाच्या वेळी एकच विषय, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर. कोणी म्हणे कमरेला, कोणी म्हणे पोटाला. माझ्या डोळ्यांपुढे आमचा नाला.

घरी आलो तर नाला काठाच्या आत. गढूळ, पण आत. मागच्या खोलीच्या खिडकीतून त्याचा आवाज येत होता आणि आई त्याच आवाजात जप करत होती.

आईला "दिवा सोड" म्हणायचं मला जमणार नाही. खरं तर मलाही तो सोडवणार नाही. लहानपणापासून त्याच उजेडात डोळे मिटलेत. मग मी तयारी करतोय ती कोणाची? तिची की माझी? याचं उत्तर आज

(सौ.नं जेवायला हाक मारली.)

मंगळ. ३०

मारुतीच्या देवळात गुरुजींना विचारलं. घट बसलेला असताना जिवावर बेतलं तर हलवावा का? ते प्रसादाची केळी मोजत होते. म्हणाले, "हात जोडायचे, क्षमा मागायची आणि उचलायचा. देव काय माणसं बुडवायला बसवतो का आपण?" मग जरा थांबून, "पण आईंना माझं नाव सांगू नका. त्या मला लहानपणापासून ओळखतात. ऐकायच्या नाहीत."

मी सांगितलंच. आई म्हणाली, "त्याची आई सांगती तर ऐकलं असतं."

पाऊस उघडला.

बुध. १ ऑक्टो.

नवा विचार : आई येत नसेल तर उचलून न्यायची. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. मागून मी, पुढून पूर्वा. आईला विचारलं, नुसतं बसून बघतेस का, दिव्यापाशी सौ. थांबेल. आई चक्क तयार झाली. खुर्चीत बसली, पदर सावरला.

"बघा हं, अजून माझी वेळ आली नाय. नीट धरा."

उचलली. आईला एवढं हसताना किती दिवसांनी पाहिलं. पूर्वाही हसत सुटली, त्यामुळे खुर्ची एका बाजूला कलली, आई "गं बाई गं बाई" करत माझ्या डोक्याचे केस धरून. आणि स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची अडकली. पुढे जाईना, मागे येईना. खुर्चीचे हात चौकटीत. सौ. दिव्यापाशी बसून ओरडते, "तेल आणा म्हणजे दाराला लावू."

सोडवली कशीबशी.

पण त्या दारात अडकून उभा असताना घर पहिल्यांदाच नीट दिसलं. मागची खोली सगळ्यात खोल, सगळ्यात खाली, नाल्याच्या अंगाला. पाणी आलं तर आधी तिथे. मध्ये अरुंद दार, मग दोन पायऱ्या चढून पुढची खोली. आणि त्या खोल जागी आम्ही दोन गोष्टी ठेवल्यात, ज्या पटकन उठू शकत नाहीत. देव आणि आई.

आई यायला तयार नाही एवढंच मी धरून बसलो होतो. तिला यायला वाट कुठे ठेवलीय?

देवघर पुढच्या खोलीत हलवायचं. लिहिलं खरं. सांगायचं कसं? अण्णांचा कोनाडा आहे तो.

गुरु. २ दसरा

घट उठले. रोप छान आलं होतं, पिवळंधमक. टोपीत खोवलं. बोरशांकडे सोनं वाटायला गेलो.

आईशी बोलायचं आजही राहिलं. सणाच्या दिवशी नको, म्हटलं. उद्या काय म्हणेन कोणास ठाऊक.

शुक्र. ३

संध्याकाळी आलो तर आई नि पूर्वा देवापुढे. आईच्या मांडीवर लाल खण. पूर्वाला शिकवणं चालू.

"असा नाय धरायचा. तो काय तुझा मोबाइल हाय? दोन्ही हातांनी. आधी भवानी, मग खंडोबा. खण बांधला की भुईला नाय टेकवायचा, छातीशी धरायचा."
"आजी, पळताना?"
"पळताना तर जास्तच."

मी दारातच थांबलो. आईनं वर न बघता विचारलं, "त्या दिवशी मला उचलत होतास, तवा देवाला कोण उचलणार होतं?"

 सरावात देव कोणाच्या वाट्याला, हे मी ठरवलंच नव्हतं. गोळ्या होत्या, शिट्टी होती, लोणचंसुद्धा होतं.

मग तसाच खाली बसलो आणि सांगून टाकलं. कोनाडा, पायऱ्या, दार, नाला. देव पुढं नेऊ का? आई बराच वेळ गिलाव्यावर हात फिरवत राहिली. म्हणाली, "त्यांनी केला तवा नाला लांब होता." एवढंच. होही म्हणाली नाही, नकोही म्हणाली नाही.

पूर्वानं खण सोडून पुन्हा बांधला. या वेळी बरोबर.

शनि. ४

आई दिवसभर गप्प नव्हती, पण त्या विषयावर गप्प. मीही विचारलं नाही. दुपारी पुढच्या खोलीतला टी.व्ही. सरकवून जागा मोजली. आई तिकडून म्हणाली, "टी.व्ही. मागच्या खोलीत न्या. बुडला तर बुडला." सौ. म्हणाली, "म्हणजे हो म्हणाल्या." मी म्हटलं, म्हणजे टी.व्ही.बद्दल म्हणाली.

रवि. ५

पहाटे स्नान करून देवघर हलवलं.

गुरुजींना बोलावलं नाही. आईनंच सांगितलं तसं केलं. आधी नमस्कार, मग दिवा, मग एकेक टाक. पूर्वानं खणात बांधून छातीशी धरले आणि दोन पायऱ्या अशी चढली की मला माझ्या लग्नात सौ. उंबरा ओलांडताना आठवली. पुढच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला लाकडी देव्हारा. मागच्या कोनाड्यात आईनं एक फूल ठेवलं. तिला तिथे थोडं एकटं राहू दिलं.

मग दोन्ही पायऱ्या ती स्वतः चढली. माझा हात झिडकारला, भिंतीचा घेतला. वर आल्यावर म्हणाली, "इथं वारं लय छान येतं की."

नैवेद्याला शिरा. बोरसे वासावर आले.

आईचा पाट मांडायला घेतला. पुढचं दार अगदी पाठीशी येत होतं. म्हटलं, जरा वळवून मांडतो, दार दिसेल असा. काही झालं तर पटकन...

आई म्हणाली, "देवाकडं तोंड करून मांड. दार मला ऐकू येतं."

तसाच मांडला.