रेडेवाले हरले तर मंगफ

मंगफ, कुवेत
१० मे २०२५

ती. वन्सं यांना प्रभाचा शि. सा. न. वि. वि. साष्टांग कागदावरच समजा, गुडघे वाकत नाहीत. सांगते मी, लिहिते सून विनिता. फोनवर बोलले असते, पण लेक जयराम तो स्पीकरवर टाकून मध्ये बसतो. म्हणून हे पत्र बाळा सुताराबरोबर. तो उद्या सुट्टीवर निघतोय.

कधी येतेस, विचारता. तेच अडलंय. तुमच्या भाच्याला त्याच्या जुन्या अमेरिकन साहेबाने एक खूळ लावून दिलंय, अमेरिकन फुटबॉल. नाव फुटबॉल, पण बॉल काखेत मारून पळतात, नारळ चोरल्यासारखे. दर शुक्रवारी जयराम मला एक अंतिम सामना दाखवतो. माझे जिंकले तर गावचं तिकीट, हरले तर आणखी एक महिना मंगफ. मी बफलो गावचा संघ धरलाय. लाल टोपावर निळा रेडा, अगदी आपल्या चंद्री म्हशीच्या रेडकासारखा. पहिल्यांदा एका गुणाने गेले. शेवटची लाथ खांबांच्या इतकी उजवीकडून गेली की तेवढी मीही मारली असती. दुसऱ्यांदा हरले. तिसऱ्यांदा तर कुटून निघाले. येत्या शुक्रवारी चौथा. रवळनाथाला एक नारळ ठेवा.

माया पातळ करू नका, चंद्रीचं दूध केलंत तरी चालेल.

तुमची प्रभा


बांदिवडे
२० मे २०२५

चि. प्रभास सीताबाईचे अनेक आशीर्वाद, वि. वि. नारळ ठेवला. गुरव विचारतो, रेडेवाले कुठल्या वाडीचे? मी म्हटलं, बफलोचे. म्हणाला, तिथवर आपल्या देवाची हद्द नाही, तरी सांगून बघतो.

आता बसून ऐक. शेजारच्या सुयोगने मोबाईलवर शोधलं. अगो, हे सामने तीस वर्षांमागचे! रेडेवाले लागोपाठ चार वर्षं अंतिमला गेले आणि चारही वेळा हरले. जयरामाला निकाल पाठ आहेत. आईशी लबाडी करतो मेला! तू तिथे रेडे धरून बसलीस आणि मी इथे म्हैस. चवथीचा गणपती या वयात एकटीने आणू का? त्याला चांगला फैलावर घे आणि ये.

राग आहे तेवढीच वाटही बघते.

सीताबाई


मंगफ
७ जून २०२५

ती. वन्सं यांना पुन्हा तोच कागदी साष्टांग, वि. वि. सुयोगने तुमच्या पत्राचा फोटो पाठवला, विनिताने वाचून दाखवला.

सामने जुने हे मला पहिल्याच शुक्रवारी कळलं होतं. मधल्या सुट्टीत लढाईच्या बातम्या लागल्या. रणगाडे, वाळू, धूर. तुमचे भाऊ अंगावरच्या कपड्यांनिशी इथून परतले, त्यानंतर आपण दोघींनी सरपंचांच्या पडवीत उभ्याने बघितल्या होत्या, त्याच. मला अक्षर कळत नाही, कुवेत कळतं.

मग गप्प का बसले? लेक पन्नाशीला आला, पण आई, राहा, एवढं तोंडातून निघत नाही. बाप तसाच होता. तेवढ्यासाठी बिचाऱ्याने चार सामने आणि इतके धटिंगण कामाला लावले, म्हटलं हरावं. आणि नारळ? तुम्ही हल्ली उंबऱ्याबाहेर पडत नाही असं कानावर आलं होतं. पडलात ना?

पण गणपती तुमच्या एकटीचा नको. म्हणून काल पैज मी लावली. नात समिधाला म्हटलं, रेडेवाले जन्मात कधी जिंकले असतील तो सामना काढ. इंग्रजीत पुटपुटत काढला. अंतिम नव्हे, अंतिमच्या वाटेवरचा. पस्तीस-तीन असा मार खात होते तिथे थांबवला आणि जयरामाला सांगितलं, हे जिंकले तर चवथीला सगळी घरी. विनिता म्हणते, हाच सामना तो लग्नाच्या बैठकीतही रंगवून सांगत होता. त्याने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला की आता हे कसले जिंकतात, लागली पैज.

जिंकले. जयराम कपाळाला हात लावून बसला. दशावतारात इतकं वाईट सोंग आणलं असतं तर लोकांनी रंगमंचावरून उतरवला असता. तिकिटं मात्र त्याने सामना संपायच्या आधीच काढली होती.

लोभ आहेच, थोडा भांडणासाठी शिल्लक ठेवावा.

तुमची प्रभा