पेडलवर पाय कुणाचा

ट्यूनिस, २ ऑक्टोबर १९८७

चि. सौ. दलंदा हिस अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण तबरकाच्या आत्याचे काल आलेले पत्र. बाबांच्या गाडीच्या पुढच्या चाकांवरचे, ब्रेक आवळणारे दोन्ही कॅलिपर बदलले, आणि तेव्हापासून ब्रेकचे पेडल ओल्या स्पंजासारखे दबते, असे तिने कळवले. तुझ्या नवऱ्याने, लमजदने, ब्रेकच्या नळीतली हवा काढली तेव्हा पेडलवर तू बसली होतीस, हेही कळवले. ही बातमी मला तबरकाहून फिरून यावी, याचे नवल वाटले.

मी आठवीत असल्यापासून ते पेडल माझे आहे. बाबा चाकाशी आडवे होऊन सांगत, दाब, धर, सोड. आणि तू पायरीवर बसून अंजिरे खात असायचीस. हे तुझ्या स्मरणात नसावे.

असो. मुद्द्याचे लिहिते. भराभर चार-पाच वेळा दाबल्यावर पेडल वर येऊन कडक होते का? पाय स्थिर ठेवला तर हळूहळू खाली बसते का? डबीतले ब्रेक ऑइल कमी होते का? नीट पाहून उत्तर दे. लमजदला ‘वाटते’ ते नको. बाबा आत्याला आणायला तबरकाचा घाट उतरणार आहेत म्हणे. तोवर गाडी दारातून हलता कामा नये.

बाबांना सलाम. माझी आठवण असू द्यावी, पेडलवर बसतानाही.
नजिया

ऐन द्राहम, ६ ऑक्टोबर

ती. ताईस सप्रेम सलाम.

पत्र पोचलं. परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. उत्तरं घे: चार वेळा दाबलं की पेडल वर येतं, कडकही होतं, मिनिटभराने पुन्हा मऊ. पाय ठेवला तर खाली बसत नाही. ऑइल तसूभर कमी नाही. लमजदने तीनदा हवा काढली. थोडी निघते, पुन्हा तेच. तो म्हणतो, उस्तादबाईंनी एकदा इथे येऊन हात काळे करावेत, मग आम्हीही वह्या काढून बसू.

आणि पेडलचं म्हणशील तर, ताई, विद्यापीठ तुला मिळालं. कॅफेत बाबांच्या तोंडी ‘आमची नजिया’ तुझी. गाडीत आरशाखाली फोटो लावलाय तोही तुझाच. माझ्या लग्नाचा कपाटात आहे. मला एक पेडल मिळालं, तर तेही तुला परत हवं?

बाबा रविवारी निघतोच म्हणतात. किल्ली मी स्वयंपाकघरात कुसकुसच्या रव्याच्या डब्यात लपवली आहे. लोभ आहेच, थोडा माझ्या वाट्यालाही ठेव.
दलंदा

ट्यूनिस, ९ ऑक्टोबर

चि. दलंदास आशीर्वाद.

किल्ली लपवलीस, हे या प्रकरणातले एकमेव शहाणपणाचे काम. तुझ्या उत्तरांवरून पेडलमागचा, ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर निर्दोष ठरतो आणि गळतीही नाही. नळीत हवा आहे, आणि ती बाहेर येत नाही. कॅलिपरवरचा हवा सोडायचा स्क्रू वरच्या अंगाला आहे की खालच्या, ते तू स्वतः पाहा. हवा नेहमी वर जाते. उजवा कॅलिपर डावीकडे आणि डावा उजवीकडे लागला असेल तर स्क्रू खाली येतो. मग वर अडकलेली हवा वर्षभर काढली तरी निघणार नाही. दोन्हींची अदलाबदल करा आणि मग हवा काढा.

हे पत्र जेवणानंतर सर्वांसमोर वाचावे, लमजद असताना. ज्याला स्वतःचा डावा-उजवा कळत नाही त्याने बाबांच्या गाडीला पुन्हा हात लावू नये. दोष कोणी शोधून काढला, एवढे बाबांना कळले म्हणजे पुरे.

सर्वांस यथायोग्य.
नजिया

ऐन द्राहम, १४ ऑक्टोबर

ती. ताईस सलाम.

तुझं म्हणणं अक्षरशः खरं निघालं. स्क्रू दोन्हीकडे खाली. सांगितलंस तसं पत्र मी सर्वांसमोर वाचलं, शब्द न गाळता. गाळायला हवे होते. पण लमजदसमोर तुझा तोरा उघडा पाडायची मलाही खाज होती.

‘डावा-उजवा’पर्यंत आले आणि बाबांनी चहाचा पेला खाली ठेवला. म्हणाले, “ते मी बसवले.”

ते लावले तेव्हा मी आत्याकडे होते, मला काय माहीत? लमजदकडे गिऱ्हाईक होतं म्हणून बाबांनी स्वतःच दोन्ही कॅलिपर लावले. त्यांना हल्ली जवळचं नीट दिसत नाही. लमजद पुढे हवा काढत राहिला, पण स्क्रू कुठल्या अंगाला आहे हे त्याच्या मनातही आलं नाही. सासऱ्याच्या कामावर जावई बॅटरी मारून बघतो का? कॅफेत लोक त्याला नावं ठेवत होते, तरी ‘मी नाही लावले’ असं एकदाही म्हणाला नाही.

बाबा रागावले नाहीत, हेच वाईट. पाने रॉकेलने पुसले, फडक्यात बांधले आणि लमजदसमोर ठेवले. म्हणाले, नजिया म्हणते ते बरोबर, आता हात लावत नाही. आत्याला आणायचं नावही काढत नाहीत. कॅलिपर लमजदने अदलाबदल करून लावले, पण हवा काढायची राहिली आहे. माझा पाय पेडलवर जात नाही. तू जिंकलीस. पेडल घेऊन जा.
दलंदा

ट्यूनिस, १७ ऑक्टोबर

चि. दलंदास.

शुक्रवारी दुपारच्या बसने येते. तोवर स्क्रूला कोणीही पाना लावू नये. बाबांना एवढेच सांग: नजियाला अदलाबदल सुचली, पण हवा कशी काढतात हे तिने फक्त एकाच माणसाकडून पाहिले आहे, आणि त्याने आवाज दिल्याशिवाय तिला जमत नाही. पाने त्यांच्या हातात दे. मी बॅटरी घेऊन चाकाशी त्यांच्या शेजारी आडवी होईन. बुडबुडे दिसायचे थांबले की सांगेन. दाब, धर, सोड तेच म्हणतील.

पेडलवर तू बस. हे लिहायला मला तीन कागद फाडावे लागले, याची नोंद असू दे.

ब्रेक ज्याने बांधला त्यानेच पहिला उतार उतरायचा, ही बाबांची जुनी रीत. तेव्हा आत्याकडे सगळेच जाऊ. बाबांच्या शेजारची जागा माझी. त्यावर चर्चा नको. लमजदने मागे बसावे. अंजिरे त्याने आणावीत, आणि पहिले त्याने खावे.

आरशाखाली तुझ्या लग्नाचा फोटो लावायला माझी हरकत नाही. माझ्या खाली.

लोभ मोजून का होईना, दोघींत वाटून घेऊ.
तुझी ताई